कंसांवाचून गणित मांडणारा तर्कशास्त्रज्ञ

गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार संगणकावरील तक्त्यात देखभाल खर्चाचे सूत्र टंकित करतात. सदनिकेच्या क्षेत्रफळाला दराने गुणायचे, त्यात पाणीपट्टी मिळवायची, थकबाकी असेल तर तिच्यावरील व्याज जोडायचे आणि आलेली रक्कम सभासदाच्या नावापुढे दाखवायची, एवढेच ते सूत्र. ज्या अभियंत्यांनी तो प्रोग्राम तयार केला त्यांना या संस्थेचे नाव ठाऊक नव्हते, तिचा दर ठाऊक नव्हता आणि हे सूत्र तर मुळीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही कळ दाबताक्षणी अचूक आकडा समोर येतो. प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्याने ऐनवेळी लिहिलेले सूत्र यंत्राला उमगते तरी कसे, याचा शोध घेत मागे गेल्यास आपण ज्या व्यक्तीपाशी पोहोचतो, तिने संगणकासाठी आयुष्यात एक ओळही लिहिली नाही.

ही व्यक्ती म्हणजे पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच. तर्कशास्त्राच्या जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते बहुधा नावाने ठाऊक नसतात. त्यांच्या आडनावाचे पहिले अक्षर दिसते रोमन ‘एल’सारखे, पण त्यावर एक तिरकी रेघ असते आणि पोलिश भाषेत त्याचा उच्चार ‘व’च्या जवळ जाणारा होतो. परदेशी अभ्यासकांच्या जिभेला हे नाव वळेना, म्हणून त्यांनी शोधलेल्या लेखनपद्धतीला त्यांच्या नावाऐवजी त्यांच्या देशाचे नाव मिळाले. ‘पोलिश नोटेशन’ या नावाने ती आज जगभर शिकवली जाते. ज्या देशाचे नाव तिला लाभले, त्या देशात अखेरची वर्षे घालविण्याचे भाग्य मात्र तिच्या जनकाला लाभले नाही.

ल्वूफमधील घडण

वुकाशेविच यांचा जन्म २१ डिसेंबर १८७८ रोजी ल्वूफ शहरात झाला. पोलंड हे राष्ट्र त्या वेळी नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी ते आपसात वाटून घेतले होते आणि ल्वूफ ऑस्ट्रियाच्या वाट्याला आले होते. आज हेच शहर युक्रेनमधील ल्विव्ह म्हणून ओळखले जाते. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात कप्तान होते. घरात भाषा पोलिश आणि धर्म रोमन कॅथलिक.

ल्वूफ विद्यापीठात त्यांनी गणित आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांचे अध्ययन केले. तत्त्वज्ञानाचे त्यांचे गुरू काझिमिएश त्वार्दोव्स्की हे स्पष्ट विचार आणि स्पष्ट लेखन यांबाबत अत्यंत आग्रही होते. विधान नेमके काय सांगते, ते एकाच अर्थाने वाचता येते की अनेक, याची छाननी केल्यावाचून पुढे जायचे नाही, ही शिस्त त्यांनी शिष्यांच्या अंगी बाणवली. १९०२ मध्ये वुकाशेविच यांना सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळाली आणि त्या सन्मानाची खूण म्हणून सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्यातर्फे हिरेजडित अंगठी देण्यात आली. १९०६ पासून ते विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. १९१० मध्ये अॅरिस्टॉटलच्या विसंगतीच्या नियमाची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट एकाच वेळी असू शकते आणि नसूही शकते असे म्हणता येत नाही, हा तो नियम. दोन हजारांहून अधिक वर्षे जे गृहीत धरले गेले होते, त्याला पुरावा कोणता, असा प्रश्न तिशीतल्या या अध्यापकाने विचारला. प्रश्न विचारण्याची ही निर्भयता त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते.

वॉर्सा आणि मंत्रिपद

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, वॉर्सा येथे पोलिश विद्यापीठ पुन्हा सुरू झाले आणि वुकाशेविच यांना तेथे पाचारण करण्यात आले. युद्ध संपता संपता पोलंड स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला शिक्षणव्यवस्था उभी करायची होती. जगद्विख्यात पियानोवादक इग्नासी पादेरेव्स्की हे १९१९ मध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळात धर्म व सार्वजनिक शिक्षण खात्याची धुरा वुकाशेविच यांच्याकडे आली. पियानोवादक पंतप्रधान आणि तर्कशास्त्रज्ञ शिक्षणमंत्री असा हा विलक्षण योग वर्षभरही टिकला नाही. डिसेंबर १९१९ मध्ये ते सरकार गेले आणि वुकाशेविच पुन्हा अध्यापनाकडे वळले. पुढे १९२२-२३ आणि १९३१-३२ अशी दोन वर्षे ते वॉर्सा विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडील कुलगुरू होते.

दोन महायुद्धांमधील वीस वर्षे हा त्यांच्या आयुष्यातील सुवर्णकाळ होता. स्तानिस्वाव लेश्न्येव्स्की यांच्या साथीने त्यांनी वॉर्सा येथे तर्कशास्त्राची जी परंपरा उभी केली, तिला त्या काळात जगात तोड नव्हती. आल्फ्रेड तार्स्की याच परंपरेतून पुढे आले. गणितज्ञांनी तर्कशास्त्रज्ञांना आपल्यातलेच मानले, हे या परंपरेचे वैशिष्ट्य. १९२० मध्ये निघालेल्या ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिके’ या गणित-नियतकालिकाच्या संपादक मंडळात गणितज्ञांसमवेत वुकाशेविच आणि लेश्न्येव्स्की हे दोघे तर्कशास्त्रज्ञही होते.

त्याच वर्षी वुकाशेविच यांनी तीन मूल्यांचे तर्कशास्त्र मांडले. विधान सत्य असते किंवा असत्य असते, तिसरा पर्याय नाही, असे परंपरा सांगत आली होती. परंतु उद्या घडू शकणाऱ्या आणि न घडूही शकणाऱ्या घटनेविषयीचे विधान आजच सत्य किंवा असत्य असेल, तर उद्याचा दिवस आजच ठरून गेला असे मानावे लागेल. मग मनुष्याच्या निर्णयाला अर्थ तो काय उरला? वुकाशेविच यांनी ‘शक्य’ हे तिसरे मूल्य स्वीकारून या पेचातून वाट काढली. कोरड्या चिन्हांच्या या शास्त्रामागे मानवी स्वातंत्र्याची ही तळमळ होती, हे विसरता येत नाही.

एकच सूत्र, दोन उत्तरे

१९२४ मध्ये त्यांना सुचलेली कल्पना वरवर पाहता याहून कितीतरी लहान होती. ती समजून घेण्यासाठी एक साधा प्रयोग पुरे आहे. दुकानदाराच्या गल्ल्यावर असतो तसल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ५ + ३ × २ अशा कळा क्रमाने दाबल्या तर उत्तर १६ येते. वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर त्याच कळा दाबल्या तर ११ येते. पहिला जसजशा कळा पडतील तसतसा हिशेब करीत जातो. दुसरा शाळेत आपण पाठ केलेला ‘कंचेभागुबेव’ हा नियम पाळतो आणि बेरजेआधी गुणाकार करतो. दोन्ही यंत्रे आपापल्या रीतीने बरोबरच आहेत. दोष आहे तो लेखनाचा. ५ + ३ × २ या अक्षरांच्या ओळीत स्वतःचा अर्थ पुरता सामावलेला नाही. तो बाहेरच्या संकेतावर अवलंबून आहे. संकेत बदलायचा तर कंस घालावे लागतात.

तर्कशास्त्रात ही अडचण फार मोठी होते. तेथील सूत्रे लांबलचक असतात आणि कंसांत कंस, त्यांतही कंस अशी रचना होते. ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञांनी कंसांऐवजी ठिपक्यांचा वापर केला. जर्मनीच्या गॉटलोब फ्रेग यांनी तर सूत्रे झाडाच्या फांद्यांप्रमाणे कागदभर पसरून लिहिली. ठिपके मोजावे लागत आणि फांद्या छापखान्याला परवडत नसत.

वुकाशेविच यांनी क्रियेचे चिन्ह दोन पदांच्या मधून उचलले आणि त्यांच्या आधी ठेवले. या एवढ्याशा बदलाने कंसांची गरजच संपली. ‘पाच अधिक तीन’ऐवजी ‘अधिक पाच तीन’ असे लिहायचे. (५ + ३) × २ हे सूत्र या पद्धतीने × + ५ ३ २ असे होते, तर ५ + (३ × २) हे सूत्र + ५ × ३ २ असे होते. पहिल्याचे उत्तर १६, दुसऱ्याचे ११. प्रत्येक चिन्ह आपल्यामागून येणाऱ्या दोन पूर्ण राशी घेते, एवढा एकच नियम. कोणती क्रिया आधी करायची हे सांगणारा दुसरा कोणताही संकेत लागत नाही आणि कोणतीही ओळ दोन अर्थांनी वाचताच येत नाही.

वुकाशेविच यांनी ही पद्धत अंकगणितासाठी शोधली नव्हती. त्यांना ती विधानांसाठी हवी होती. ‘जर-तर’ या संबंधासाठी ‘सी’, ‘आणि’साठी ‘के’, ‘किंवा’साठी ‘ए’, नकारासाठी ‘एन’ अशी मोठी अक्षरे त्यांनी घेतली आणि विधानांसाठी ‘पी’, ‘क्यू’, ‘आर’ ही लहान अक्षरे. सगळे सूत्र टंकलेखन यंत्रावर सहज उमटू लागले. शिवाय सूत्राची लांबी मोजता येऊ लागली, कारण आता मोजायची होती ती फक्त अक्षरे. कमीत कमी अक्षरांत संपूर्ण तर्कव्यवस्थेचा पाया मांडता येईल का, हा वॉर्साच्या तर्कशास्त्रज्ञांचा ध्यास होता. केवळ ‘जर-तर’ या एका संबंधावर उभ्या असलेल्या तर्कव्यवस्थेला पुरेसे ठरणारे सर्वांत लहान गृहीतक वुकाशेविच यांनी युद्धापूर्वीच शोधून काढले. ते अवघ्या १३ अक्षरांचे आहे. त्याच्या सिद्धतेचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला तो मात्र १९४८ मध्ये, दूरच्या डब्लिनमध्ये. मधल्या काळात त्यांचे सगळे जग उद्ध्वस्त झाले होते.

राखेत गेलेले ग्रंथ

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या सैन्याने पोलंडवर आक्रमण केले. त्याच महिन्यात वॉर्सावरील बाँबफेकीत वुकाशेविच यांचे घर जळाले. ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते, टिपणे यांतील बहुतेक सारे नष्ट झाले. त्या वेळी त्यांचे वय साठ वर्षांचे होते. सहकारी लेश्न्येव्स्की त्याच वर्षाच्या मे महिन्यात निवर्तले होते. तार्स्की ऑगस्टमध्ये एका परिषदेसाठी अमेरिकेला गेले आणि तेथेच अडकले. जर्मनांनी विद्यापीठ बंद केले. वुकाशेविच यांना शहराच्या अभिलेखागारात किरकोळ काम मिळाले आणि त्यावर गुजराण चालली. विद्यापीठ मात्र खऱ्या अर्थाने बंद पडले नाही. प्राध्यापक आणि विद्यार्थी लपूनछपून भेटत आणि जिवाचा धोका पत्करून वर्ग चालवीत. वुकाशेविच यांनीही या भूमिगत विद्यापीठात शिकविले.

वॉर्साच्या तर्कशास्त्र परंपरेतील अनेकांच्या वाट्याला याहून भीषण अंत आला. मोर्दखाय वाइसबर्ग आणि आडोल्फ लिंडेनबाउम हे दोघे ज्यू तर्कशास्त्रज्ञ नाझींच्या संहारात बळी पडले. वाइसबर्ग हे वुकाशेविच यांचे विद्यार्थी. गुरूंच्या तीन मूल्यांच्या तर्कशास्त्राला गृहीतकांची भक्कम बैठक त्यांनीच दिली होती.

वुकाशेविच यांना हात देणारा माणूस निघाला तो जर्मन. म्यून्स्टर विद्यापीठाचे प्राध्यापक हाइनरिख शोल्त्स हे तर्कशास्त्रज्ञ त्यांचे चाहते होते. १९३८ मध्ये म्यून्स्टरने वुकाशेविच यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. युद्धकाळात शोल्त्स यांनी या पोलिश मित्राला शक्य ती मदत पोहोचविली. १९४४ च्या उन्हाळ्यात रशियाचे सैन्य वॉर्साच्या दिशेने सरकू लागले. सोव्हिएत राजवटीखाली आपला निभाव लागणार नाही, अशी वुकाशेविच यांची खात्री होती. शोल्त्स यांच्या मदतीने, १७ जुलै १९४४ रोजी, पत्नी रेगिना यांच्यासह त्यांनी वॉर्सा सोडले. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १ ऑगस्ट रोजी, वॉर्साने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो चिरडल्यानंतर नाझींनी शहराची अक्षरशः माती केली.

शत्रूच्या देशात आश्रय घेण्याच्या या निर्णयावर पुढे टीका झाली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतल्या गेल्या. दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या पासष्ट वर्षांच्या प्राध्यापकापुढे कोणते पर्याय होते, हेही लक्षात घ्यावे लागते. जर्मनीतही त्यांना स्वस्थता लाभली नाही. म्यून्स्टरवर बाँबवर्षाव चालूच होता. अखेर वेस्टफालियातील एका खेड्यात असताना, १९४५ च्या वसंतात, अमेरिकी सैन्याने तो प्रदेश मुक्त केला. पोलंडमध्ये आता कम्युनिस्टांचा प्रभाव होता आणि जन्मगाव ल्वूफ तर सोव्हिएत संघराज्यात गेले होते. परतायचे कोठे, हा प्रश्नच उरला होता. दांपत्य ब्रुसेल्सला गेले आणि तेथे काही महिने वुकाशेविच यांनी निर्वासित पोलिश विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकविले.

डब्लिनमधील दहा वर्षे

या वेळी मदतीचा हात आला आयर्लंडहून. आयर्लंडचे पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा हे मूळचे गणिताचे शिक्षक. राजकारणाच्या धबडग्यातही गणितावरचे त्यांचे प्रेम आटले नव्हते. १९४० मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये उच्च अध्ययनाची संस्था स्थापन केली होती आणि भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांना तेथे आश्रय दिला होता. वुकाशेविच यांनाही निमंत्रण मिळाले. मार्च १९४६ मध्ये ते सपत्नीक डब्लिनला पोहोचले आणि त्याच वर्षी रॉयल आयरिश अकादमीत गणिती तर्कशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, परक्या भाषेत, जळालेल्या टिपणांवाचून त्यांनी पुन्हा आरंभ केला.

अॅरिस्टॉटलच्या तर्कव्यवस्थेवर वॉर्सामध्ये सुरू झालेले त्यांचे संशोधन येथे पूर्णत्वास गेले. १९५१ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात अॅरिस्टॉटलचे जुने तर्कशास्त्र आधुनिक चिन्हांत, अर्थात कंसमुक्त पद्धतीने मांडले आहे. १९५५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १३ फेब्रुवारी १९५६ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, डब्लिनमध्येच त्यांचे निधन झाले. ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये.

यंत्रांनी उचललेली रीत

ज्या काळात वुकाशेविच डब्लिनमध्ये अॅरिस्टॉटलवर लिहीत होते, त्याच काळात त्यांची लेखनपद्धती त्यांच्या नकळत यंत्रांकडे निघाली होती. म्यूनिकमध्ये फ्रीडरिख बाउअर या तरुण गणितज्ञाने १९५०-५१ मध्ये एका छोट्या यंत्राची आखणी केली. कळांवर तर्कसूत्र दाबायचे आणि ते सत्य की असत्य हे यंत्राने सांगायचे. सूत्र अर्थातच कंसमुक्त पद्धतीने द्यायचे. यंत्राचे नाव ठेवले ‘स्टानिस्लाउस’, पोलिश वळणाचे. वापरणाऱ्याने आयत्या वेळी दिलेल्या सूत्राचे मूल्य काढणारे हे आरंभीच्या यंत्रांपैकी एक. अमेरिकेतही आर्थर बर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये कंसमुक्त पद्धतीवर चालणाऱ्या तर्कयंत्राचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

पुढचे पाऊल ऑस्ट्रेलियात पडले. चार्ल्स हॅम्ब्लिन हे सिडनीतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक. तर्कशास्त्राच्या वाचनातून वुकाशेविच यांची पद्धत त्यांना परिचित होती. विद्यापीठात नव्याने आलेल्या संगणकाची स्मृती अगदी तुटपुंजी होती आणि त्यावर गणिती सूत्रे चालवायची होती. १९५७ मध्ये हॅम्ब्लिन यांनी पोलिश पद्धत उलटी केली. चिन्ह आधी लिहिण्याऐवजी शेवटी लिहायचे. (५ + ३) × २ हे सूत्र आता ५ ३ + २ × असे झाले.

मराठी वाचकाला ही उलटी पद्धत खरे तर परकी वाटू नये. ‘पाच आणि तीन मिळवा, आलेल्या उत्तराला दोनने गुणा’ असेच आपण बोलतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. कशावर क्रिया करायची ते आधी हाती घ्यायचे आणि मग काय करायचे ते सांगायचे, हाच या पद्धतीचा गाभा आहे.

यंत्राला ती सोयीची का, हे पाहण्यासाठी लग्नाच्या पंगतीतील ताटांची चळत डोळ्यांपुढे आणावी. सर्वांत शेवटी ठेवलेले ताट सर्वांत आधी उचलले जाते. संगणक अशीच संख्यांची चळत ठेवतो. ५ ३ २ × + ही ओळ तो डावीकडून वाचू लागतो. ५ आला, चळतीवर ठेवला. त्यावर ३ आणि त्यावर २. मग गुणाकाराचे चिन्ह आले. वरच्या दोन संख्या उचलल्या, गुणाकार ६ झाला, तो चळतीवर ठेवला. मग बेरजेचे चिन्ह आले. ६ आणि ५ उचलले, ११ ठेवले. ओळ संपली आणि चळतीवर एकच संख्या उरली, तेच उत्तर. चिन्ह आले आणि उचलायला दोन संख्या नाहीत, किंवा ओळ संपली तरी चळतीवर एकाहून अधिक संख्या आहेत, तर सूत्रात चूक आहे हे यंत्राला लगेच कळते. मागे वळून पाहणे नाही की कंसांची जोडी शोधणे नाही.

प्रश्न राहिला तो माणसांचा. माणसे तर शाळेत शिकलेल्या रीतीनेच, कंस घालून लिहिणार. त्यांचे सूत्र यंत्राच्या रीतीत कोणी बदलायचे? बाउअर आणि त्यांचे सहकारी क्लाउस झामेलझोन यांनी चळतीच्या साह्याने हे रूपांतर साधले. नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये मांडलेली रीत सर्वाधिक प्रसिद्ध झाली. तिला रेल्वेच्या शंटिंग यार्डाचे नाव आहे. सूत्रातील संख्या डब्यांप्रमाणे सरळ पुढे जातात, क्रियाचिन्हे बाजूच्या रुळावर थांबविली जातात आणि ‘कंचेभागुबेव’सारख्या नियमानुसार आपापली पाळी आली की गाडीला जोडली जातात. शेवटी तयार होणारी गाडी म्हणजे उलट्या पोलिश पद्धतीतील सूत्र. कंस वाटेतच गळून पडतात.

१९७२ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने ‘एचपी-३५’ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आणला. त्यावर बरोबरचे चिन्हच नव्हते. हिशेब उलट्या पोलिश पद्धतीने करायचा होता आणि अभियंत्यांच्या एका पिढीला त्याची सवय जडली. १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हा वैयक्तिक संगणकावरील तक्त्यांचा पहिला लोकप्रिय प्रोग्राम आला. त्यात मात्र क्रियांचा क्रम पाळला जात नसे. ५ + ३ × २ चे उत्तर तेथे, दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरप्रमाणे, १६ येई. पुढच्या प्रोग्रामांनी ही उणीव दूर केली. मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या जुन्या, ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फायलींत तर वापरणाऱ्याने कंस घालून लिहिलेले सूत्र आतमध्ये उलट्या पोलिश क्रमानेच साठविले जात असे. सोसायटीच्या खजिनदारांचे सूत्र अशा फाईलमध्ये जतन झाले असेल, तर वुकाशेविच यांची छाया त्यावर होतीच.

या पद्धतीचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा प्रोग्रामचा भाग समजून चालविण्याची सोय अनेक संगणकभाषांत असते. ती वापरणे सोपे, पण घातक. सूत्राच्या जागी कोणी फायली पुसण्याची आज्ञा लिहिली, तर तीही पाळली जाईल. म्हणून जाणते प्रोग्रामर मजकुराचे तुकडे करतात. संख्या, ठरावीक चिन्हे आणि परवानगी असलेली नावे एवढेच स्वीकारतात, त्यांना पोलिश क्रमात लावतात आणि चळतीवर हिशेब करतात. बाहेरच्या माणसाला गणित मांडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य मिळते आणि त्यापलीकडे काहीही करण्याचा अधिकार मिळत नाही. एकदा क्रम लावला की तेच सूत्र हजार सभासदांच्या हजार आकड्यांवर पुन्हा न तपासता चालविता येते.

मायदेशी परत

वुकाशेविच यांनी कंस काढले ते विधानाला एकच अर्थ असावा म्हणून. त्यातून कोणते यंत्र चालेल याचा विचार त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. १९२४ मध्ये या पद्धतीला उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर सूत्रे लहान आणि निःसंदिग्ध होतात, याहून वेगळे उत्तर देता आले नसते. तेवढेच पुढे पुरेसे ठरले. विद्यापीठांतील संशोधनाचा उपयोग वर्षभराच्या हिशेबात मागितला जातो, तेव्हा हे उदाहरण आठवणे उचित ठरेल. घर, ग्रंथ, शहर आणि देश गमावलेल्या माणसाजवळ जे उरले, ते जळण्यासारखे नव्हते.

वॉर्सा विद्यापीठाच्या नव्या ग्रंथालयात चार स्तंभांवर चार तत्त्वज्ञांचे पुतळे उभे आहेत. त्वार्दोव्स्की, लेश्न्येव्स्की आणि तार्स्की यांच्यासमवेत वुकाशेविच तेथे आहेत. ज्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह याच शहरात भस्मसात झाला, त्यांना ग्रंथांच्या सान्निध्यात ही जागा मिळाली. त्यांचे पार्थिव मात्र डब्लिनच्या दफनभूमीत सहासष्ट वर्षे विसावले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पोलंडला नेण्यात आले आणि वॉर्साच्या पोवोन्स्की दफनभूमीत त्याला पुन्हा मूठमाती देण्यात आली.